मिसल नंबर एकसष्ट

"काका, तुम्ही बसा ना, प्लीज. तुम्ही असे फिरत राहिलात की माझी मोजणी चुकते."

केतकीनं हे तिसऱ्यांदा सांगितलं. हिम्मतराव तिसऱ्यांदा खुर्चीवर टेकले आणि दोन मिनिटांत पुन्हा उठले. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्यांची तक्रार रोजची, पण एका जागी बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. सुलतान बाजारातल्या आपल्या पुस्तकांच्या दुकानातही त्यांनी गल्ल्यावर बसून धंदा असा कधी केला नाही. गिऱ्हाईक दारात आणि मालक शिडीवर, असाच तो कारभार होता.

"बसून काय हुतंय? आज चौथ्यांदा आलो मी इथं. दर खेपेला मोइज साहेब म्हणतेत, फाइल सापडंना. फाइलीला काय पाय फुटलेत?"

"मोइज सर डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत. महिनाभर नाहीत. म्हणून तर मी शोधतेय. पण मला उर्दू येत नाही काका, मी नुसते नंबर मॅच करते."

हैदराबादेतल्या तारनाक्याजवळच्या त्या जुन्या विद्यापीठाचा हा दफ्तरखाना. लोखंडी मांडण्या छतापर्यंत, मांडण्यांत लाल कापडाची बासनं, आणि बासनांवर शाईनं घातलेले उर्दू आकडे. दफ्तर सांभाळायचे ते मोइज साहेब; केतकी इथली नोकरदार नव्हती. तिचे वडील पुण्याहून सॉफ्टवेअर कंपनीत आले आणि इथलेच झाले. ती इतिहासात पीएचडी करत होती आणि विद्यापीठानं एका समारंभाच्या समितीवर तिला घेतलं होतं. मराठी घरात बोलायची, वाचताना मात्र बोट ठेवून वाचायची. हिम्मतरावांना ती आवडली होती, कारण त्यांची गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकली होती.

ती गोष्ट सुलतान बाजारात कुणाला माहीत नाही असं नव्हतं, कारण हिम्मतरावांनीच ती सगळ्यांना सांगितली होती. १९३८ सालच्या थंडीत, निजामाच्या राज्यात, वसतिगृहातल्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी देशगीत म्हणायला बंदी झाली. मुलांनी संप केला. माफीनामा लिहून द्या, नाहीतर चालते व्हा, असं वरून आलं. शेकडो मुलं चालती झाली, त्यांतली बरीच पुढं नागपूरला जाऊन शिकली. त्यांतच मुखेडकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता, लक्ष्मणराव हंबर्डे. हिम्मतरावांचे वडील, घरातले आबा. ते नागपूरला गेले नाहीत. सुलतान बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसले, पुढं त्याचं दुकान झालं. मरेपर्यंत त्यांनी एकच नियम धरून ठेवला. हंबर्ड्यांच्या घरातलं कुणी त्या विद्यापीठाची पायरी चढणार नाही.

मॅट्रिकला हिम्मतराव वर्गात दुसरे आले होते. कॉलेजचा फॉर्म घेऊन मास्तर स्वतः घरी आले. शहरातली कॉलेजं तेव्हा सगळी त्याच विद्यापीठाची. आबांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि मास्तरांच्या हातात परत दिला. चहा मात्र पाजला. दुसऱ्या दिवसापासून हिम्मतराव दुकानात.

त्यानंतर साठ वर्षं त्यांनी त्याच विद्यापीठाची गाइडं विकली. कोणत्या पेपरला कोण परीक्षक आहे, कोणता प्रश्न एक वर्षाआड येतो, पदवीदान कधी लांबलं, सगळं त्यांना तोंडपाठ. गाइड घ्यायला आलेल्या पोराला ते थांबवून सांगायचे, "तुला ठाऊक हाय का, इंग्रजांच्या काळात सगळीकडं इंग्रजीतनं शिकवायचे, तवा ह्या विद्यापीठात फिजिक्स उर्दूत शिकवायचे. पुस्तकं तर्जुमा करायला अख्खं खातं हुतं. डागदरी सुदा उर्दूत!" पोरगं "हौ अंकल, हौ" म्हणून उरलेले पैसे मागायचं. तिथं दगडी इमारत केवढी आहे, कमानी कशा आहेत, हेही ते सांगायचे. पाहिली मात्र कधी नव्हती. बस फाटकावरून जायची तेव्हा ते तोंड दुसऱ्या खिडकीकडं करायचे.

आता विद्यापीठच बोलावत होतं म्हटल्यावर गोष्ट वेगळी होती. अडतीसच्या संपात काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांचा येत्या शनिवारी सत्कार होता. शाल, मानपत्र आणि दगडी इमारतीसमोर फोटो. हिम्मतरावांनी प्रतिज्ञापत्र दिलं होतं आणि समितीनं ते ठेवून घेतलं होतं. कुणी पुरावा मागितला नव्हता. पण हिम्मतरावांना पुरावा पाहिजे होता. आबांचं नाव, विद्यापीठाच्या कागदावर, विद्यापीठाच्या शाईनं. त्याची झेरॉक्स काढून दुकानात लावायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"शनिवारी तुमच्याबरोबर कोण येणार काका? दोन पास आहेत."

"मी आन् आमची मंडळी."

"मुलगा वगैरे?"

"मुलगा रेल्वेत हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे रेल्वेत हाय," असं म्हणून हिम्मतराव मांडणीच्या दुसऱ्या टोकाला चालू लागले.

मुलगा म्हणजे विक्रम. आबांचा नियम मोडला तो त्यानं. आबा तेव्हा हयात नव्हते, आणि चतुराबाईंनी संसारात पहिल्यांदा नवऱ्यापुढं आवाज चढवला होता. "तुमच्या आबाचं शिक्षण गेलं, तुमचं गेलं. माझ्या पोराचं मी जाऊ द्यायची न्हाई." हिम्मतराव गप्प बसले. आतून त्यांना थोडं बरंही वाटलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विक्रम त्याच विद्यापीठात केमिस्ट्रीत एमएस्सी करत होता. मग वेगळ्या राज्याचं आंदोलन पेटलं. विद्यापीठ म्हणजे त्याचं केंद्र. मुलं मोर्चात, पोलीस फाटकावर, परीक्षा पुढं ढकललेल्या. विक्रमही मोर्चात होता, त्याचंही नाव पोलिसांच्या कागदात आलं. त्याच वेळी रेल्वेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचं बोलावणं आलं, पण पदवी हातात हवी होती. पुन्हा आंदोलनात भाग घेणार नाही असं लिहून दिलं तर परीक्षेला बसता येईल, असं त्याला सांगण्यात आलं. विक्रमनं लिहून दिलं.

ते घरी कळलं गुढीपाडव्याच्या सकाळी. हिम्मतराव आबांच्या फोटोला हार घालत होते. हार हातात तसाच धरून त्यांनी मुलाला जे सुनावलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. "ह्या माणसानं फुटपाथावर पुस्तकं इकली, पर माफीच्या कागदावर सही केली न्हाई! तुझा हात कसा रे चालला? ह्याचं रगत हाय का तुझ्यात?" विक्रम एकदा फोटोकडं बघून राहिला. मग आत गेला आणि बॅग भरली.

त्याला पंधरा वर्षं झाली. विक्रमला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तारनाक्याला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. चतुराबाई दर गुरुवारी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन तिकडं जायच्या आणि रात्री नवरा जेवत असताना भिंतीला सांगितल्यासारखं सगळं सांगायच्या. नातीचे दात, सुनेची बदली, क्वार्टरचा नंबर. दिवाळीला विक्रम घरी येऊन पाया पडायचा. तेवढा वेळ हिम्मतराव पेपर तोंडासमोर धरायचे.

"काका, काहीच नाही हो," केतकी स्टुलावरून उतरली. "१३४७ सालचं पूर्ण बासन संपलं. एकोणीसशे अडतीस मायनस पाचशे एक्याण्णव. नेटवरचं कन्व्हर्टरपण तेच सांगतं. मोइज सरांनीसुद्धा हाच नंबर लिहून ठेवलाय."

हिम्मतराव जागच्या जागी थांबले.

"मोइज साहेबांनी १३४७ लिवलंय? त्यांनी?"

"हो. का?"

"अगं बाई, हे फसली साल हाय, निजामाच्या दफ्तरातलं. आमच्या हैदराबादेत साल बदलायचं आझूर महिन्याला, म्हणजे ऑक्टोबरात. संप झाला थंडीत. मग साल बदललं का न्हाई? १३४८ झालं! हे माझ्यासारख्या गाइडं इकणाऱ्याला कळतंय. मोइज साहेबांची उमर गेली ह्या दफ्तरात, ते कसे चुकतील?"

"डोळे खराब होते ना त्यांचे."

"डोळे खराब हुते, डोकं न्हाई," हिम्मतराव पुटपुटले. पण आनंदानं त्यांना पुढचं सुचेना. "तू १३४८ काढ. बहमन महिना. काढ लवकर!"

१३४८ चं बासन सगळ्यात वरच्या फळीवर होतं. हिम्मतरावांनी स्टूल धरलं आणि ते धरण्यातही असे हलत राहिले की केतकी पडता पडता वाचली. आत जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर निघालं. हिम्मतरावांनी चष्मा पुसला. उर्दू त्यांना आबांनीच शिकवली होती, पाटीवर, चुकलं की कान पिळून. उजवीकडून डावीकडं बोट फिरवत ते नावं वाचू लागले. वाचताना ओठ हलत होते. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"लछमनराव, वल्द भगवंतराव, साकिन तालुका मुखेड." त्यांनी पुन्हा वाचलं. मग ओरडलेच, "हे बघ! हे बघ आमचे आबा! खारिज! खारिज लिवलंय, म्हणजे काढून टाकलं! मी म्हणालो नव्हतो?"

केतकीनं मोबाइलवर फोटो काढला. म्हातारा रडत होता आणि हसत होता आणि त्याच वेळी खिशात रुमाल शोधत होता. तिनं त्यांना पाण्याची बाटली दिली. सगळं इथंच थांबलं असतं तर छान झालं असतं.

"काका, इथं साइडला लाल शाईत काहीतरी आहे. बाकीच्यांपुढं नाहीये. म्हणजे थोड्यांपुढं आहे."

हिम्मतरावांनी डोळे पुसून वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा लावला.

"काय आहे?"

"मिसल नंबर एकसष्ट बघा, असं लिवलंय. मिसल म्हणजे फाइल."

"असू दे. नाव मिळालं ना आपल्याला? माझं काम झालं."

"न्हाई न्हाई. काढ ती मिसल. आबांचं आजून काय तरी आसंल तिच्यात. कलेक्टरनी चौकशी केली आसंल, सीआयडी लागली आसंल पाठीमागं. काढ!"

मिसल लगेच सापडली. पातळ फाइल, दोनच कागद. पहिला कागद समोर येताच हिम्मतरावांनी अक्षर ओळखलं. नुक्ते टिंबासारखे न देता बारीक तिरक्या रेघा मारायच्या, ही आबांची सवय. दुकानातल्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर किंमत घालतानाही ते तसंच लिहायचे.

"फिदवी अपनी हरकत पर सख्त नादिम है." हिम्मतराव मनातल्या मनात वाचत होते. सेवकाला आपल्या वागण्याची फार लाज वाटते. यापुढं कोणत्याही संपात, सभेत भाग घेणार नाही. सेवकाच्या पाठीमागं दोन लहान भाऊ शिकणारे आहेत, त्यांचा विचार व्हावा. हुजुरांनी दया करून परत घ्यावं. खाली सही. लछमनराव.

दुसरा कागद कॉलेजातून आलेला अहवाल होता. सदर विद्यार्थी परत घेतल्यावर अकरा दिवस वर्गात हजर. त्यानंतर न कळवता गैरहाजर. म्हणून नाव कमी केलं आहे.

दफ्तरखान्यात पंखा फिरत होता. हिम्मतराव उभे होते ते खुर्चीवर बसले आणि या वेळी बसूनच राहिले. केतकीच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय.

"काका? काय लिहिलंय?"

हिम्मतरावांनी कागद फाइलीत परत ठेवले. त्यांना राग आला होता. माफी मागितली म्हणून नव्हे. एकोणीस वर्षांचं पोर, मागं दोन भाऊ, मागितली माफी. परत गेला, बसला अकरा दिवस. बरोबरची मुलं नागपूरला निघून गेलेली, बाकं रिकामी. नसेल बसवलं. नसेल कुणाच्या डोळ्याला डोळा देता आला. हे सगळं हिम्मतरावांना कळत होतं. पण मग मास्तर फॉर्म घेऊन आले तेव्हा हे का नाही सांगितलंत आबा? पायरी चढायची नाही, असं ऐटीत म्हणालात. तुम्हांला तोंड दाखवायची लाज होती, तर माझं कॉलेज कशापायी बुडवलंत? मी दुसरा आलो होतो. साठ वर्षं मी परक्यांच्या पोरांना गाइडं काढून दिली.

"काका, पाणी घ्या. आणि ही फॉर्मॅलिटी करून टाकूया." केतकीनं फाइलच्या पुठ्ठ्याच्या आतली बाजू त्यांच्यापुढं केली. तिथं एक छापील चिठ्ठी डकवलेली होती. "इथला नियम आहे. जो फाइल उघडून बघेल त्यानं तारीख घालून सही करायची. एवढ्या वर्षांत एकदाच कुणीतरी... अरे! हे हंबर्डेच आहेत. तुमच्यातलेच कोणी?"

चिठ्ठीवर एकच ओळ भरलेली होती, इंग्रजीत. बारा मार्च दोन हजार दहा. विक्रम एच. हंबर्डे, एमएस्सी फायनल. कारण या रकान्यात: आजोबांचं रेकॉर्ड. पुढं सही. तिच्या शेजारी मोइज साहेबांच्या हातचे उर्दूत तीन शब्द, पढ़ के सुनाया. वाचून दाखवलं.

हिम्मतराव बोटं मोजू लागले. बारा, तेरा, चौदा, पंधरा. पाडवा सोळाला होता. ती तारीख ते विसरणं शक्य नव्हतं.

म्हणजे पोरगं सही करायची की नाही या घोरात इथं आलं होतं. आजोबाचं नाव बघावं, बळ घ्यावं आणि नको म्हणून सांगावं, असंच काही मनात धरून आलं असणार. मोइज साहेबांनी वाचून दाखवलं. आणि चार दिवसांनी बाप फोटोसमोर उभा राहून ओरडत होता, ह्या माणसानं सही केली नाही, ह्याचं रक्त आहे का तुझ्यात. तेव्हा तो फोटोकडं बघून राहिला होता. हिम्मतरावांनी पंधरा वर्षं त्या बघण्याचा अर्थ निलाजरेपणा असा लावला होता.

"काका, तुम्ही मला घाबरवताय."

"मोइज साहेबांना सगळं ठाऊक हुतं," हिम्मतराव हळू म्हणाले. "म्हणून १३४७ लिवलं. मी ह्या मिसलीपतूर पोचू नये म्हणून."

"म्हणजे काय? त्यांचा रिमार्क आहे ना माझ्याकडं." केतकीनं कागदांतून एक पान काढलं. "नोंद आढळली नाही, कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरावे. काका, तुमचं नाव तर केव्हाच फायनल आहे. तुम्ही आज आला नसतात तरी चाललं असतं." तिनं पेन घेतलं. "आता फक्त मला एक ओळ सांगा. ह्या फाइलमध्ये काय आहे ते. मानपत्रात टाकायला. मला वाचता येत नाही आणि सर नाहीत, सो तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार."

ती सरळपणानं म्हणत होती. हिम्मतरावांना ते दिसत होतं, आणि त्या सरळपणातली मोकळी वाटही दिसत होती. दफ्तरात जिवंत माणसं दोन, त्यातल्या एकालाच लिपी येत होती. सीआयडी लागली होती म्हणून सांगावं. तुरुंगात टाकलं म्हणून सांगावं. शनिवारी चतुराबाई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसतील. सुलतान बाजारातली माणसं पेपरात फोटो बघतील. कुणाचं काय जातं? आबांचं तरी काय जातं?

ते उठले. मांडणीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले.

"लिही," ते म्हणाले. "माफीनामा दिला. परत घेतलं. आकरा दिवस बसला, मग गेला निघून. नाव गैरहजेरीत कमी केलं."

केतकीचं पेन थांबलं. "काका, हे लिहिलं तर... समितीचा क्रायटेरिया आहे, माफी न मागितलेले. नाव काढतील ते."

"काढू दे."

"मी न लिहिता ठेवू का? मोइज सरांचा रिमार्क आहेच. सीरियसली, कुणाला कळणार नाही."

"पोरी, तुझं मन चांगलं हाय. पर मी ह्याच गोष्टीपायी माझ्या पोराला घराभाईर काढला. पंधरा वर्षं. आता त्याच गोष्टीची शाल मी खांद्यावर कशी घेऊ? मला लाज वाटंल गं. लिही तू."

तिनं लिहिलं. लिहिताना तिचं शुद्धलेखन चुकलं, पण हिम्मतरावांनी सुधारलं नाही. मग त्यांनी तिच्याच पेनानं पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत तारीख घातली आणि विक्रमच्या नावाखालच्या ओळीत सही केली. मराठीत, पूर्ण नावानं.

बाहेर ऊन कलत होतं. हिम्मतराव फाटकाकडं निघाले ते रस्त्याच्या मधोमध. मुलंमुली स्कूटरवरून बाजूनं जात होती. ती दगडी इमारत उजव्या हाताला आली आणि मागं पडली. आयुष्यभर जिचं वर्णन केलं तिच्याकडं मान वळवून बघायचंही त्यांना भान नव्हतं. एका रिक्षावाल्यानं "किधर जाते साब?" म्हणून विचारलं तर त्याला हातानं नको म्हटलं. चालल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. काय बोलायचं ते ते वाटेत जुळवत होते आणि जुळलेलं दर चौकात मोडत होते. दोनदा उलटं फिरावंसं वाटलं. एकदा तर ते फिरलेही, दहा पावलं चालले, आणि स्वतःलाच शिवी देऊन पुन्हा तारनाक्याकडं वळले.

क्वार्टरचा नंबर कुणाला विचारावा लागला नाही. चतुराबाईंनी तो भिंतीला शंभरदा सांगितला होता. दुसरा मजला. जिना चढताना गुडघे बोलायला लागले. दारावर नातीनं कागदाची फुलं चिकटवली होती. हिम्मतरावांनी बेल दाबली आणि लगेच पुन्हा दाबली.

दार विक्रमनंच उघडलं. नुकताच ड्युटीवरून आला असावा, रेल्वेचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. बापाला बघून त्याचा चेहरा उतरला.

"बापू? काय झालं? आई..."

"आई बरी हाय. घरी हाय. काय झालं न्हाई." हिम्मतराव दम खात होते. वाटेत जुळवलेलं सगळं गेलं. "मिसल नंबर एकसष्ट बघून आलो."

विक्रम दाराला धरून उभा राहिला. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला.

"चार दिस आधी वाचलं हुतंस तू," हिम्मतराव म्हणाले. "पाडव्याला मी तुला नको नको ते बोललो. तवा तोंडात काय धरलं हुतंस रे? एक शबुद टाकला आसतास तर मी जागच्या जागी गप झालो आसतो."

"म्हणून तर नाही टाकला," विक्रम म्हणाला. "बापू, तुम्ही आबांपायी कॉलेज सोडलं होतं. दुकानात येईल त्याला तुम्ही तेवढी एकच गोष्ट सांगायचा. ती पण मी काढून घेतली असती तर तुमच्याजवळ काय राहिलं असतं?"

हिम्मतरावांचे पाय पुन्हा जिन्याकडं वळायला बघत होते. त्यांनी चौकटीला हात लावला आणि स्वतःला तिथं धरून ठेवलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लई चुकलं, इकऱ्या."

लहानपणी ते त्याला असंच म्हणायचे. विक्रमचे डोळे भरले, पण तो कामाला लागला, कारण उभं राहून रडणं त्या घरात कुणालाच येत नव्हतं. "आत या आधी. उन्हातनं चालत आलात? रिक्षा नाही करायची?" बापाला वाकून चपलेचा बंद काढता येत नाही हे त्याला दिसलं, तसा तो गुडघ्यावर बसला आणि स्वतःच बंद सोडवू लागला.

हिम्मतराव वरून बघत होते. पोराचे केस मागून विरळ झाले होते, आणि जे होते त्यांत निम्मे पांढरे होते.